दोन वेळची बैठक आवरती घेताना

ध्यान सुरू कसं करावं हे सांगणाऱ्यांना तोटा नाही. पण सकाळ-संध्याकाळ तासतासभर बसायची सवय वर्षानुवर्षं अंगात मुरलेली असेल, तर ती कमी कशी करावी हे कुणी सांगत नाही. शिबिरात विचारा, गटात विचारा, उत्तर एकच : बसत राहा. माझी ही प्रक्रिया साधारण सहा-सात महिने चालली. काय कुठल्या क्रमाने करायचं, कुठे अडतं आणि का, एवढंच इथे मांडतेय. ध्यान वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही, आजही बसते. आणि नुकतंच बसायला लागून दुसऱ्याच आठवड्यात कंटाळलेल्यांसाठी हे नाही. त्यांनी अजून थोडं बसून पाहावं.

बैठक जड व्हायला लागल्याची लक्षणं ध्यानात दिसत नाहीत, उठल्यावर दिसतात. ध्यानात सगळं छान असतं : श्वास संथ, अंग हलकं, तास कधी संपला कळत नाही. उठल्यावर मात्र कोरडेपणा. कुणाची चांगली बातमी आली तरी आत काही हलत नाही आणि वाईट बातमीनेही फारसं काही होत नाही. यालाच समता म्हणायचा मोह होतो. ओळखायची सोपी खूण अशी की समतेत माणूस समोरच्याचं नीट ऐकतो आणि कोरडेपणात समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर सुटतं, कारण लक्ष स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर गेलेलं असतं. दुसरं लक्षण, ध्यानातलं अंगावरून लक्ष फिरवणं, म्हणजे एकेका अवयवातली संवेदना पाहत जाणं, दिवसभर आपोआप चालू राहतं. भांडी घासताना, गाडी चालवताना, कुणी रडत असतानाही. तिसरं, एक बैठक चुकली की दिवसभर चिडचिड. चौथं, झोप पातळ होते.

पाचवं लक्षण पायांचं. पायाला मुंग्या येणं नेहमीचं, ते दोन-चार मिनिटांत जातं. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या टोकाशी एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. मांडी घालून फार वेळ बसलं की ती दाबली जाते आणि उठल्यावर पंजा वर उचलता येत नाही, पाऊल फटकन खाली आपटतं. असं झालं तर सहन करत बसू नये. त्या दिवसापासून खुर्ची घ्यावी आणि पंजातली ताकद परत आली नाही तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. गुडघा दुखत असेल तर कारण बहुधा मांडीच्या सांध्यात असतं. तो सांधा बाहेर वळत नाही, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आसन एवढं उंच हवं की गुडघे कमरेच्या खाली राहतील. तेवढ्याने थांबलं नाही तर मांडी सोडायची.

ही लक्षणं जाणवली म्हणून लगेच काही बदलायचं नाही. पहिले दोन आठवडे फक्त वही. रकाने चारच : बसण्याआधी कसं होतं, किती वेळ बसलो, उठल्यावर तासाभराने कसं होतं, रात्री झोप कशी लागली. तिसरा रकाना उठल्या उठल्या भरायचा नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटत असतं. तासाभराने भरायचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी : ‘संध्या. आधी : डोकं जड, कामाची काळजी. ६० मि. तासाने : काळजी नाही, पण कुणाशी बोलावंसं वाटत नाही. रात्री अडीचला जाग.’ अशा नोंदी ओळीने दिसायला लागल्या की आपण काय बदलायला निघालोय ते नेमकं कळतं. वहीशिवाय निर्णय घेतला तर तो त्या दिवसाच्या मूडवर घेतला जातो.

दुसरं काम डॉक्टरांकडे जाणं. योगसूत्रांत चित्ताचे जे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, दिले आहेत त्यात पहिला व्याधी आणि दुसरा स्त्यान, म्हणजे चित्ताची जड अवस्था. हा क्रम मला फार व्यवहारी वाटतो. कोरडेपणा आणि थकवा थायरॉइडचा असू शकतो, बी-१२ च्या कमतरतेचा असू शकतो, हिमोग्लोबिन उतरल्याचाही असू शकतो. या तीन तपासण्या आधी करून घ्याव्यात. नैराश्य आहे का हे पाहायला डॉक्टर बहुधा पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात. गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासावं लागतं. डॉक्टरांना ‘मी ध्यान करते’ एवढंच सांगून भागत नाही. रोज किती तास, किती वर्षं, शेवटचं शिबिर कधी आणि किती दिवसांचं, हे सांगावं. वही सोबत न्यावी. चालू औषध मनाने बंद करू नये, मग सल्ला कुणाचाही असो.

एक गोष्ट इथेच सांगते. सलग काही रात्री झोप नाही तरी थकवा नाही, आवाज ऐकू येतात, जग किंवा आपलं शरीर खरं वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो, यातलं काहीही असेल तर पुढचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. बैठक त्याच दिवशी पूर्ण थांबवायची आणि मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. तेव्हा हळूहळू कमी करायच्या भानगडीत पडू नये.

असं होऊ शकतं हे आता नीट नोंदलेलंही आहे. २०१७ मध्ये जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ साधक आणि बत्तीस जाणकार यांच्याशी बोलून ध्यानातल्या अडचणींचे ५९ प्रकार मांडले, सात विभागांत : विचार, इंद्रियानुभव, भावना, शरीर, प्रेरणा, ‘मी’ची जाणीव आणि माणसांतले संबंध. ते साधक पाश्चात्त्य बौद्ध परंपरांतले होते, त्यामुळे आकडे इथे तसेच्या तसे लावू नयेत. पण हे सात विभाग वहीसाठी फार उपयोगी आहेत. आपली अडचण त्यातल्या कुठल्या विभागात येते हे ठरवलं की उपायही वेगळा होतो. शरीराची अडचण आसन बदलून सुटते, संबंधांची नाही सुटत. आणि ही नवी फॅशन आहे असंही नाही. अठराव्या शतकातल्या हाकुइन या जपानी झेन गुरूंनी अति साधनेने स्वतःला जडलेल्या आजाराबद्दल आणि त्यावरच्या उपायांबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते कागदावरच करायचं. आपण ध्यानाला किती कामं लावली आहेत त्याची यादी. माझ्या यादीत निघाली ती अशी : झोप लागावी म्हणून, राग येऊ नये म्हणून, तब्येतीसाठी, गटातल्या माणसांच्या सोबतीसाठी, निर्णय सुचावेत म्हणून, आणि शेवटी मन जसं आहे तसं पाहण्यासाठी. मूळ काम हे शेवटचं. वरची पाच कामं सरकत सरकत त्याच्या गळ्यात आलेली. झोप लागत नाही, बसा. घरात वाद झाला, बसा. नोकरी बदलावी का, बसा म्हणजे उत्तर येईल. बसणं दोन तासांचं होतं ते यामुळे. एकेक काम ज्याचं त्याला परत दिलं की बैठक आपोआप लहान होते, तिला कापावं लागत नाही. जे लोक ही यादी न करता नुसते मिनिटं कमी करतात ते पंधरा दिवसांत परत तासावर येतात, कारण ती पाच कामं कुणीच करत नसतं.

आता वेळापत्रक. आधी संध्याकाळची बैठक कमी करायची, सकाळची नाही. कारण साधं आहे. दिवसभराच्या थकव्यात संध्याकाळच्या बैठकीत बरीच मिनिटं डुलकीत जातात, आणि ती डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते. वहीचे दोन आठवडे झाल्यावर, वेळापत्रकाचे पहिले दोन आठवडे संध्याकाळी ६० ऐवजी ३० मिनिटं, जेवणाआधी, डोळे उघडे ठेवून, नजर चार-पाच फुटांवर. तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी बसायचंच नाही, त्या वेळी चालायला जायचं. सकाळची बैठक महिनाभर तशीच. मग दर दोन आठवड्यांनी एक पायरी : ४५, ३०, २०. पायरी उतरल्यावर वहीतली झोप किंवा चिडचिड बिघडली तर वर चढू नये, त्याच पायरीवर अजून दोन आठवडे थांबावं.

घंटेचा नियम कडक हवा. फोनवर एकच घंटा लावायची आणि वाजली की उठायचं, विशेषतः छान लागलेलं असताना. ‘अजून पाचच मिनिटं’ हीच मोडायची सवय असते. उलट, वाईट गेली म्हणून भरपाईला पुन्हा बसायचंही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्रास होतो तो ठरलेल्या वेळी. संध्याकाळी बरोबर त्याच वेळेला अस्वस्थपणा, उगाच भूक, कधी रडू. राग तर ताजा ताजा येतो, कारण आतापर्यंत तो बघून बघून विरवला जायचा. हे बिघडलं असं समजून लोक घाबरतात आणि परत तास सुरू करतात. माझ्या मते हा भाग ओलांडल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. रागाचं काम कुणाला द्यायचं तर बोलण्याला. ज्याच्याशी खटकलंय त्याच्याशी त्याच दिवशी, दोन-तीन वाक्यांत. ‘काल तू न सांगता ठरवलंस ते मला आवडलं नाही. पुढच्या वेळी आधी विचार.’ एवढंच. साक्षीभावाची सवय असलेल्यांना इथे फार जड जातं. ते समोरच्याने काही विचारलं की आधी पोटातली संवेदना तपासतात आणि मग उत्तर देतात, तोवर समोरचा वैतागून निघून गेलेला असतो. क्रम उलटा करायचा : आधी उत्तर, मग निरीक्षण.

चालण्याबद्दल जरा तपशिलात लिहिते, कारण इथेच गोंधळ होतो. ध्यानी मंडळी चालायला सांगितलं की पावलं मोजत, टाच-तळवा-बोटं करत मुंगीच्या गतीने चालतात. ज्याचं लक्ष आधीच आत अडकलंय त्याने हे करू नये, त्याने लक्ष अजून आत जातं. चाल भरभर हवी : बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकी. सुरुवातीची पाच मिनिटं सावकाश, मग वीस मिनिटं त्या गतीने, शेवटची पाच पुन्हा सावकाश. लक्ष बाहेर ठेवायचं, आवाजांवर, समोरून येणाऱ्या माणसांवर, लांबच्या झाडांवर. ते अंगात परतलं तर ओढून आणत बसू नये, पुढच्या वळणावर काय दिसतंय ते मनात नाव घेऊन म्हणावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. रोजची ही अर्ध्या तासाची चाल पाच-सहा दिवस झाली की पहिला भाग बहुतेक भरतो.

ताकदीच्या भागाकडे साधक हमखास दुर्लक्ष करतात, ‘ते शरीराचं’ म्हणून. वर्षानुवर्षं रोज दोन तास बसलेल्या शरीराला त्याचीच गरज असते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं ८ ते १० वेळा, भिंतीला हात टेकवून जोर ८ ते १०, टाचा उचलणं १५, आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं प्रत्येकी ३० सेकंद. दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस मोकळे. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून तिची उंची वाढवायची.

बैठकीच्या जागी जोरकस प्राणायाम आणू नये. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग हातापायांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. साधकाला वाटतं काहीतरी उघडतंय. श्वासाचं काही करायचंच असेल तर चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं, बस.

झोपेचं काम उठायच्या वेळेला द्यायचं. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. सुटीच्या दिवशीही तीच. निर्णयाचं काम कागदाला : पर्याय, प्रत्येकात काय जाईल, आणि कुठल्या तारखेपर्यंत ठरवायचं. ‘आतून येईल’ म्हणून थांबलेले निर्णय तारीख घातल्यावर पटापट सुटतात.

सोबतीचं काम सगळ्यात अवघड, कारण तिथे माणसं आहेत. गटाला न सांगता गायब होऊ नये. सामूहिक साधनेची काही जबाबदारी आपल्याकडे असेल, जागेची किल्ली, आसनं, निरोप पाठवणं, तर महिनाभर आधी कळवून दुसऱ्याच्या हाती द्यावी. कळवताना कारणांची पोथी उघडायची नाही. असं पुरतं : ‘पुढचे सहा महिने मी बैठक कमी करून तब्येतीकडे लक्ष देणार आहे. किल्ली आणि नोंदवही अमुक तारखेपर्यंत देते. भेटायला नक्की आवडेल, चहाला या.’ उत्तरं तीन प्रकारची येतात. काहीजण लगेच भेटायला येतात. काही म्हणतात, ‘हीच तर खरी वेळ आहे, मनात साचलेले जुने संस्कार वर येतायत, आत्ता सोडू नकोस.’ काहीजण गप्प होतात. दुसऱ्या प्रकारच्यांशी वाद घालू नये, तो वाद तासन्‌तास चालतो आणि शेवटी आपणच डोळे मिटून बसतो.

मार्गदर्शकांना मात्र प्रत्यक्ष भेटावं. वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या पायरीलाच मागून ठेवावी. वही न्यावी आणि प्रश्न नेमके विचारावेत : या लक्षणांत किती काळ न बसणं तुम्हाला योग्य वाटतं? अशा साधकांना तुम्ही काय सांगता? डॉक्टरांशी बोललात का असं त्यांनी स्वतःहून विचारलं, तर तो मार्गदर्शक जाणकार समजावा. ‘अजून एक शिबिर कर’ एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून यावं.

खरं तर परंपरेकडे याचं उत्तर आहे. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात पाच इंद्रियांचा तोल सांगितलाय. इंद्रियं म्हणजे इथे डोळे-कान नव्हेत, साधकाच्या मनाच्या पाच शक्ती. श्रद्धा आणि प्रज्ञा ही एक जोडी, वीर्य (म्हणजे प्रयत्न, उत्साह) आणि समाधी (म्हणजे एकाग्रता) ही दुसरी, आणि स्मृती, म्हणजे सजगता, सगळीकडे हवीच. समाधी जास्त आणि वीर्य कमी झालं तर आळस येतो, उलट झालं तर चंचलता. सतत बसणाऱ्याचं पारडं समाधीकडे झुकलेलं असतं, आणि त्याला ‘अजून बस’ सांगणं म्हणजे त्याच पारड्यात भर घालणं. मला हे कळायला परंपरेबाहेर जायची गरज पडली नाही, तिच्यातला अर्धा भाग वापरायचा राहिला होता एवढंच.

बिघडतं कुठे? बहुतेकदा रिकाम्या वेळेत. सुटलेले दोन तास फोन खातो. म्हणून पायरी उतरायच्या आधी त्या वेळेत काय करायचं ते ठरलेलं हवं, आणि शक्यतो त्यात दुसरं माणूस हवं. एकट्याने ठरवलेली चाल चौथ्या दिवशी रद्द होते, शेजारणीबरोबर ठरवलेली होत नाही. दुसरं, चालण्याचीच साधना होते. पावलांचा आकडा, चुकला की अपराधीपण, वाढवायची ईर्षा. असं दिसलं तर मोजायचं यंत्र घरी ठेवून निघावं. आणि घरच्यांनी ‘आता बरी दिसतेस’ म्हटलं की एका झटक्यात सगळंच सोडायचा मोह होतो, तोही टाळावा. २० मिनिटं ठेवून पाहावीत.

आताची घडी अशी आहे. सकाळी २० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, खुर्चीवर. संध्याकाळी चालणं. अंगावरून लक्ष फिरवणं दिवसभर आपोआप चालायचं ते जायला सगळ्यात जास्त वेळ लागला, शेवटचे दोन महिने त्यातच गेले. झोप त्याच्या बरीच आधी सुधारली. कोरडेपणा हळूहळू गेला, आणि जाताना आधी आनंद नाही, आधी वैताग परत आला. हा क्रम पुष्कळांना घाबरवतो म्हणून सांगून ठेवते.

शिबिराला आधीच नाव नोंदवलेलं असेल तर ते लवकर रद्द करावं. प्रतीक्षा यादीत कुणीतरी असतं. फोनवर सांगून सोडू नये, अर्ज क्रमांकासह लेखी कळवून रद्द झाल्याचं उत्तर जपून ठेवावं. पुढे कधी पुन्हा जावंसं वाटलं तर अर्जात मधल्या काळातलं कमी झालेलं बसणं, झालेला त्रास आणि चालू औषधं जशीच्या तशी लिहावीत. दहा दिवसांच्या शिबिरात रोज दहा तासांच्या आसपास बसणं होतं, २० मिनिटांवरून थेट तिथे उडी मारू नये. आधी एक दिवसाचं करून पाहावं आणि त्यानंतरच्या तीन रात्रींची झोप वहीत लिहावी. ती बिघडली असेल तर अर्ज पाठवायचा नाही.